दोराचं मागचं टोक

बसला ब्रेक लागला आणि टिटवीचा हात दांड्यावरून सुटला. झालं एवढंच. पुढे कुणी सायकलवाला आडवा आला असेल. ड्रायव्हरने दोन शिव्या हासडल्या, उभी असलेली माणसं एकदम पुढे झुकली आणि परत मागे आली, कुणी पिशवी सावरली, कुणी पायातून निसटलेली चप्पल शोधली आणि बस पुन्हा आपल्या वाटेला लागली. टिटवी मात्र बाकांच्या मधल्या जागेतून धडपडत पुढे गेली ती एका ढेरपोट्या माणसावर आदळून थांबली. माणूस भला होता. "बसा आजी," म्हणाला आणि उठला. आणि टिटवी बसली. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीला, बाईला, धक्का बसला तो इथे. हात सुटला ते एक वेळ ठीक, पण ही बसली. एरवी कुणी आजी म्हटलं की ती त्याला विचारायची, "कुठल्या बाजूने रे, आईच्या की बापाच्या?" आणि उतरेपर्यंत हट्टाने उभीच राहायची, उंच, हडकुळी, एका पायावर भार टाकून. आज ती मुकाट बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि खिडकीबाहेर बघू लागली, जसं काही रस्त्यावरून तिच्या ओळखीचं कुणी चाललं होतं. बाईच्या तोंडात वाक्य तयार होतं. तिच्या तोंडात ते कायमच तयार असे, घरातल्यांना आणि कारखान्यातल्यांना त्याचा चांगला अनुभव होता. पण आज ते बाहेर आलं नाही. जिभेवरच विरघळलं आणि मागे कडवट चव ठेवून गेलं. कारण तिने पाहिलं होतं. ब्रेक काही एवढा मोठा नव्हता. तो हात हिसक्याने सुटला नव्हता, आपण होऊन उघडला होता, एकेक बोट करत, झोपी गेलेल्या पोराची मूठ उघडते तसा. आणि त्या हातावर बाई आयुष्यभर लटकत आली होती.

लटकत म्हणजे खरोखरच लटकत. दोघी डोंगर चढायच्या. पायवाटेने वर जायचं, डबा खायचा, फोटो काढायचा आणि गाणी म्हणत उतरायचं, तसलं चढणं नव्हे. दोर लावून, उभ्या कड्यावर, शेळीनेसुद्धा आधी विचार करावा अशा जागी. एका दोराच्या दोन टोकांना दोघी, बाई पुढे आणि टिटवी मागे. पुढची चढत जाते, वाटेत खडकात ठोकलेल्या जुन्या लोखंडी खुंट्या असतात त्यांच्या कड्यांतून दोर ओवत जाते. मागची खाली उभी राहून तोच दोर कमरेभोवती घेते आणि मुठीमुठीने सोडत राहते. पुढची पडली तर मागचीने मूठ आवळायची, तेवढंच तिला वाचवणारं. मग पुढची वर पोचली की एखाद्या दगडाला दोराचा वळसा घालून ऐसपैस बसते आणि मागचीला वर घेते. दोराचं काम असं असतं. नाव मात्र पुढचीचं होतं. आधी वर कोण पोचलं ते लोक विचारतात. खाली मूठ कुणी धरली होती असं कुणी विचारलेलं बाईच्या कानावर आलं नव्हतं, आणि बाई स्वतःही ते कधी विचारायला गेली नव्हती. विचारायचं काय त्यात? पाठीमागे भिंत आहे का हे माणूस दर वेळी वळून बघत नाही. टेकतो आणि मोकळा होतो.

बस थांब्यावर दोघी उतरल्या. टिटवी म्हणाली, "जाते गं," आणि आपल्या भावाच्या घराकडे वळली. बाई तिची पाठ बघत उभी राहिली. हेही नवीनच होतं, पाठ बघत उभं राहणं. एरवी चार पावलं गेल्यावर बाईच ओरडून काहीतरी बोलायची आणि टिटवी न वळता हात हलवायची. बाईला वाटलं, आत्ता आपण काही बोललो तर ती हात हलवील, आणि मग आपल्याला तो हात बघावा लागेल. म्हणून ती काहीच बोलली नाही आणि कारखान्याकडे निघाली.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लावलेली शिवणयंत्रं, मध्ये कापड बेतायचं मोठं टेबल आणि कोपऱ्यात छतापर्यंत चढवलेल्या कॅनव्हासच्या गुंडाळ्या. तंबू, ट्रकांच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छतं. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून बाईच्या नाकात मेणकापडाचा वास बसला होता तो अजून गेला नव्हता. आता धंदा मुलाकडे होता असं म्हणायची रीत होती. मुलगाही तसं म्हणायचा, आई कारखान्यात नसली की. बाई येऊन टेबलाशी उभी राहिली, दाभण घेतला, ताडपत्रीच्या कडेला जाड दोरा ओवला आणि तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच बोटांकडे बघतोय. दाभण जाड कापडात शिरताना अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ उठते, ती उठत होती. शिरा दिसत होत्या, डाग दिसत होते, कातडी केळीच्या सालीसारखी झाली होती, पण जोर होता. तिला एकदम शरम वाटली, नव्या साडीतल्या बाईला फाटक्या साडीतलीसमोर वाटते तशी. शरम वाटायची तिला सवय नव्हती, म्हणून ती मुलावर खेकसली की ताडपत्रीच्या रिंगा तिरक्या बसल्यात. रिंगा सरळ होत्या. मुलाने त्या पुन्हा बसवल्या.

टिटवीचे हात तिने पहिल्यांदा पाहिले ते प्लास्टरने माखलेले. बाई तेव्हा तरणी होती, लेकुरवाळी होती, दुकानांची छतं स्वतः शिडीवर चढून टांगायची. शिडी घसरली आणि हात मोडला. इस्पितळात एका खोलीत नेलं, तिथे बादल्यांत भिजवलेल्या पट्ट्या, जमिनीवर पांढरे ठिपके, आणि सगळ्यांच्या मोडक्या हातापायांना प्लास्टर लावायचं काम करणारी एक काटकुळी मुलगी. हात सरळ करताना तिने अशी पकड घेतली की बाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुलीने विचारलं, कशा पडलात? बाई म्हणाली, मी नाही पडले, शिडी पडली. मुलगी म्हणाली, आणि तुम्ही? बाई म्हणाली, मी तिच्यावर होते. त्यावर ती मुलगी अशी हसली, चिरक्या आवाजात, मान मागे टाकून, थांबून थांबून, की शेजारच्या खाटेवरचा माणूस आपला मोडका पाय विसरून बघत राहिला. टिटवी हे नाव तिथेच पडलं. पुढे मुलगी सांगू लागली की सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जणं डोंगरावर जातो, तुम्हाला उंचीची भीती दिसत नाही, हात जुळला की या. हात जुळला आणि बाई गेली. घरात थोडी आदळआपट झाली. बाईने ती ऐकून घेतली आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा गेली. त्या काही जणांतले एकेक गळत गेले. कुणाचं लग्न झालं, कुणाचं पोट सुटलं, कुणाला एकदा खाली बघितल्यावर शहाणपण सुचलं. दोघी राहिल्या. टिटवीने तिला घोरपड म्हणायला सुरुवात केली, कारण एकदा चिकटली की सुटत नाही. घोरपड खडकाला चिकटायची आणि टिटवी खाली उभी राहून दोर सोडायची, आणि मधल्या काळात बाईची पोरं मोठी झाली, नवरा गेला, सून आली, टिटवीची आई अंथरुणाला खिळून खिळून गेली, इस्पितळातली नोकरी संपली, आणि हे सगळं त्यांनी एकमेकींना सांगितलं ते बहुधा जाता-येताना गाडीत, शेजारी शेजारी बसून, समोर बघत.

बाई एकदाच पडली होती. पावसाने भिजलेला कडा, बारीक शेवाळ, आणि पायाखालून खडक नाहीसाच झाला. तीन-चार पुरुष उंचीइतकी खाली आली असेल. पडताना आवाज नसतो हे तिला तेव्हा कळलं. नुसता खडक वर जाताना दिसतो, घाईत असल्यासारखा. मग कमरेला असा हिसका बसला की जेवलेलं वर आलं, आणि ती उलटी लटकत राहिली, आपल्याच बुटांच्या मधून आभाळ बघत. खालून टिटवीचा आवाज आला, "अगं घोरपडे, चिकटायचं विसरलीस काय?" खाली उतरल्यावर बाईने तिला झापलं की इतकी ढील कशाला दिलीस, जरा आवळून धरला असता तर एक पुरुष तरी कमी पडले असते. टिटवी म्हणाली, पुढच्या वेळी सांगून पड. ती बोलत होती तेव्हा तिचे दोन्ही तळवे दोराने सोलून निघाले होते आणि ती एका हाताने दुसऱ्यावर पट्टी बांधत होती, दात वापरून. बाईला आज टेबलाशी उभं राहून आठवत होतं ते पडणं नव्हे, ते दात. पट्टीचं टोक दातांत धरून टिटवी तिच्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी हसत होती.

दरसाल कोरडी हवा सुरू झाली की दोघी एका ठरलेल्या कड्यावर जायच्या. त्याला नाव त्यांनीच दिलं होतं, सासूची पाठ. एकच लांबरुंद तिरका खडक, घासून गुळगुळीत, मध्यावरची एक भेग सोडली तर कुठे बोट अडकवायला जागा नाही. धरायला काही नाही आणि मागायला काही नाही, नुसतं आपल्या पायांवर उभं राहायचं, म्हणून सासूची पाठ. बाई स्वतः सासू झाल्यावर टिटवीने विचारलं होतं की आता नाव बदलायचं का. बाई म्हणाली होती, उलट आता पक्कं झालं. यंदाचा दिवस ठरलेला होता. बाईला आता तो येऊच नये असं वाटायला लागलं. तिने मनात सगळे रस्ते धुंडाळले. सरळ म्हणावं, टिटवे, तुझे हात गेले. पण हे वाक्य तिला म्हणता येत नव्हतं. सुनेला तिच्या माहेरच्यांसमोर वाटेल ते बोलणारी ती, गिऱ्हाइकाला तोंडावर चोर म्हणणारी ती, आणि या चार शब्दांपाशी अडली. मग वाटलं, आपलाच गुडघा दुखतो म्हणावं. पण तिचा गुडघा ठणठणीत होता, आणि लबाडी करायची तर स्वतःच्या चांगल्या गुडघ्याला बदनाम करून कशाला करायची? शिवाय एकदा गुडघ्याने नाही म्हटलं की पुढच्या साली हो कोण म्हणणार? दोर माळ्यावर जाऊन पडायचा, आणि मग दोघी काय करणार? एकमेकींकडे जाणार, चहा पिणार, औषधांची नावं सांगणार. बसच्या थांब्यावर अशा बायका तिने पाहिल्या होत्या. वाईट नव्हत्या. पण त्यांच्यामध्ये दोर नव्हता.

आणि पुढे जायचं म्हटलं तर? न बोलता, नेहमीसारखं? कदाचित ती पडणार नाही. इतक्या वर्षांत एकदाच तर पडली. पण खाली उघडणारी बोटं आहेत हे ठाऊक असताना सासूच्या पाठीवर उभं राहणं तिच्या कल्पनेत बसेना. ती मनातल्या मनात चढू लागली की पोटऱ्या कापायला लागायच्या, इथे, सपाट फरशीवर, पोळपाटासमोर.

या दिवसांत टिटवी दोनदा येऊन गेली. बाईला दिसू नये ते दिसत होतं. टिटवी कप दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायची, थंडी वाजत असल्यासारखी. बुटांच्या नाड्या गेल्या होत्या, त्या जागी चिकटपट्टीचे बूट आले होते. टेबलावरची मोठी कात्री सरकवायला सुनेने सांगितलं तर तिने ती मनगटाने ढकलली, विनोद केल्यासारखं. बाई सगळं बघायची आणि म्हणायची, अजून घे गं चहा. म्हणायची, तब्येत छान दिसते हो तुझी. टिटवी गेल्यावर सून काही वेळ भांडी लावत राहिली आणि मग तिने जपून विचारलं की अहो आई, तुम्हाला बरं नाहीये का? बाई म्हणाली, मला काय धाड भरलीय. सुनेच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचे भाव आले.

मग एके दिवशी टिटवी कारखान्यात आली, गुंडाळ्यांवर बसली, लांब पाय समोर पसरले आणि मशीन थांबल्यावर म्हणाली, "यंदा मी पुढे जाते म्हणते."

बाईला कळलं. एका क्षणात, पूर्ण, कानाकोपऱ्यासकट कळलं. पुढचीचे पाय आणि मागचीचे हात लागतात. सासूच्या पाठीवर तर पुढचीच्या हातांना जोराचं कामच नाही. वर पोचल्यावरही दगडाला वळसा, अंगाचा भार, बसकण, एवढ्यात भागतं. मागची घसरली तरी घसरेल ती वीतभर. पण खाली उभं राहून वरून कोसळणारा देह धरायचा तर मूठच लागते. टिटवीने हिशेब बरोबर केला होता. आणि हे सगळं कळलेलं असतानाच बाईच्या अंगात दुसरंच काहीतरी उसळून आलं. तिला वाटलं, हिला मी म्हातारी वाटते. इतकी वर्षं माझ्या पाठीमागून आली आणि आता हिला पुढे जायचंय. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकीला दुसरीची ओळख नसल्यासारख्या. खरी कुठली ते तिला ठाऊक होतं आणि तिला राग येत होता तो खोटीचा. मुलगा मध्येच बोलला. म्हणाला की हल्ली आपोआप आवळणारं कडं मिळतं, दोर त्यातून जातो, माणूस पडला की ते स्वतःच धरतं, हातांवर काही राहत नाही, मी आणून देतो. तो भोळेपणाने बोलला, पण हात हा शब्द खोलीत पडला आणि तिथेच राहिला. टिटवी शांतपणे म्हणाली, असेल चांगलं. बाईने तोंड उघडलं. लोखंडाला माझं वजन काय कळणार, असं ती गेली कित्येक वर्षं या विषयावर म्हणत आली होती. आज ती फक्त म्हणाली, "जा की पुढे. मी काय नको म्हणतेय?" आणि मशीन पुन्हा सुरू केलं, खाली कापड नसताना.

ठरलेल्या दिवशी सकाळी गाडी मुलाने दिली, चालवली बाईने. रस्त्यात बोलणं झालं ते हवेचं. पायथ्यापासून वर जाणारी वाट दगडगोट्यांची होती, वाळलेल्या गवताचा वास होता, आणि दोघींचे श्वास वेगवेगळ्या लयीत चालले होते. बाईचा खाली घासणारा, टिटवीचा शिट्टीसारखा. कड्याशी पोचल्या. सासूची पाठ उन्हात पडली होती, कुणाचं काही देणं नसल्यासारखी. बाईने दोर पाठीवरून उतरवला आणि उलगडायला घेतला. तिचे हात सवयीने पुढचीच्या टोकाकडे गेले आणि मध्येच थांबले. टिटवीने ते पाहिलं. ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "घोरपडे, बोल आता. किती दिवस वाट बघायची माणसाने?"

"काय बोलू?"

"बसमध्ये काय पाहिलंस ते."

बाई दोर उलगडत राहिली. म्हणाली की मला वाटलं, मी पाहिलं हे तुला कळलं नसेल.

"तू गप बसलीस तेव्हाच कळलं," टिटवी म्हणाली. "मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले, म्हटलं आता बोलेल, आता बोलेल. तू बोललीच नाहीस. वर चहा काय, तब्येत छान काय. माझा भाऊ घाबरला. म्हणाला, ती बाई तुझ्याशी इतकं गोड बोलतेय म्हणजे डॉक्टरने तुझ्याबद्दल तिला काहीतरी सांगितलेलं दिसतं."

बाईला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं. टिटवीने दोन्ही हात पुढे केले, उताणे, बसमध्ये मांडीवर होते तसेच, पण आता दाखवण्यासाठी. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठ्याखालचा उंचवटा बसून गेलेला, आणि तळव्यांवर जुन्या दोराच्या चकचकीत खुणा. तिने मूठ मिटून दाखवली. ती पुरती मिटली नाही. तिने सांगितलं की गेलं वर्षभर असंच आहे. मागच्या साली ती खाली उभी होती तेव्हाच तिला शंका आली होती आणि ती बोलली नव्हती. सगळा वेळ दोराचा पीळ मनगटाला घेऊन उभी होती, म्हणजे सुटलाच तर आपण त्याच्याबरोबर जाऊ, नुसता हातातून जाणार नाही. हे तिने हवेबद्दल बोलल्यासारखं सांगितलं. बाईच्या पायाखाली सपाट जमीन होती. तरी तिने बाजूच्या खडकावर हात टेकला.

"ते कडं चालेल का?" बाई म्हणाली. हा प्रश्न आपल्या तोंडून येतोय हे ऐकून तिला नवल वाटलं.

"चालेल. मी विचार केला त्याचाही. पण मग ते धरणार आणि मी खाली उभी राहून काय करणार? गाणी म्हणू?" टिटवीने नाकाशी आलेली माशी हाकलली. "तू पडलीस तर मला धरवणार नाही. मी पडले तर तुला धरवेल. एवढंच आहे, त्यात मानापमान काही नाही. नसेल जमत तर तसं सांग, इथेच डबा खाऊ आणि जाऊ परत. पण गोड बोलू नकोस."

बाई म्हणाली, "मला मागे राहता येत नाही."

"ते दिसतंच आहे. शिकवते."

आणि टिटवीने शिकवलं. हात न लावता, नुसतं सांगून, प्लास्टरच्या खोलीत नव्या पोरींना शिकवत असेल तसं. दोर इथून घे, कमरेच्या वर नको, हाडावर घे. पाय या दगडाला लाव. डावा हात नुसता वाट दाखवायला, धरायचं उजव्याने. ढील द्यायची ती मागितल्यावर नव्हे, मागायच्या आधी. ते कसं कळणार, बाईने विचारलं. बघत राहायचं, टिटवी म्हणाली. पुढचीचं टोक टिटवीच्या कमरेला बाईने बांधलं, कारण ती गाठ आवळणं टिटवीच्या बोटांना जमणारं नव्हतं. मग टिटवी खडकावर गेली.

बाईने तिला कधी असं पाहिलं नव्हतं. टिटवी कायम तिच्या खाली असायची. वरून दिसायचा तो भांग, खांदे, वर केलेला चेहरा. आता दिसत होते बुटांचे तळवे, पोटऱ्यांच्या मागच्या शिरा, हडकुळी पाठ. ती खडकावर जवळजवळ ताठ उभी राहून चालत होती, हात नुसते टेकलेले, खुंट्यांच्या कड्यांतून दोर ओवायला तेवढे उचललेले, आणि प्रत्येक पावलाआधी पाय थोडा अधांतरी ठेवून विचार करत होती. बाई कधी असा विचार करायची नाही, ती रेटत जायची. मध्यावर बाई नेहमी उजवीकडच्या भेगेला जायची. टिटवी तिथे थांबली आणि डावीकडे वळली. बाईच्या तोंडात आलं, अगं तिकडे कुठे, उजवीकडे. तिने ते गिळलं. डावीकडे एक उथळ पन्हळ होती, खालून दिसत होती, चांगली पायाजोगी. इतक्या वर्षांत बाईला ती दिसली नव्हती, कारण ती जागा खालूनच दिसत होती. म्हणजे टिटवीला ती कायम दिसत होती. बाईला राग आला, मग राग कुठे ठेवायचा ते कळेना, कारण हात गुंतलेले होते. आणि मग तिला ते जाणवलं. आधी बेंबीशी, मग छातीत, मग दोर धरलेल्या मुठीत. भीती. पुढे जाताना तिला कधी भीती वाटली नव्हती. लोक तिला धीट म्हणायचे आणि तिने ते बिनदिक्कत पदरात घेतलं होतं. पण पुढचीला काम असतं. नाकासमोर खडक असतो, पुढची जागा शोधायची असते, भ्यायला वेळ कुठे? खाली मागची उभी असते, तिला फक्त बघायचं असतं. टिटवीचा बूट जरा सरकला, बारीक माती खाली आली, बाईच्या कपाळावर पडली, आणि बाईची मूठ अशी आवळली गेली की नखं तळव्यात रुतली. "ढील," वरून आवाज आला, चिरका, निवांत. "ओढू नकोस गं, मी काही पळून जात नाही." बाईने ढील दिली. तिला वाटलं, म्हणजे हे असं. दरसाल, प्रत्येक कड्यावर, मी वर मजेत असताना ही खाली असं पोटात घेऊन उभी होती. आणि संध्याकाळी गाडीत बसून मी हिला सांगायचे की वर कसं कठीण होतं.

टिटवी दिसेनाशी झाली. दोर काही काळ हलला, थांबला, मग सरसर वर गेला आणि ताणला. "ये," असं ऐकू आलं.

बाई चढू लागली. पहिल्यांदा तिला विचित्र वाटलं ते कमरेतून वर जाणाऱ्या दोराचं. पुढे जाताना दोर खाली लोंबतो, त्याचं ओझं होतं, वर मोकळं असतं. आज कुणीतरी तिला वरून धरलं होतं, एखाद्या चालायला शिकणाऱ्या पोराचं झबलं मागून धरावं तसं. तिला ते अपमानाचं वाटलं. ती भराभर चढली, जेणेकरून दोर सैल पडावा, पण तो सैल पडेना. तेवढ्याच वेगाने वर जात राहिला. तिच्या घाईची टिटवीला सवय होती. मध्याशी पोचल्यावर ती हट्टाने उजवीकडच्या भेगेला गेली. तिची वाट तिची होती. भेग तिच्या ओळखीची होती, बोटं नेमकी बसली, पाय वर घेतला आणि तो पाय, तो ठणठणीत गुडघ्याचा पाय, थरथरायला लागला. शिवणयंत्राच्या सुईसारखा, खाली-वर, तिच्या परवानगीशिवाय. तिने त्याला मनात दोन शब्द सुनावले. त्याने ऐकलं नाही. वाटेत एखाद्या सोप्या जागी, उगाचच, टिटवीला बरं वाटावं म्हणून 'धर' म्हणायचं असं तिने खाली उभ्या उभ्या ठरवलं होतं. आवळून धर मला, असं मागची पुढचीला सांगते तो हा शब्द. टिटवीने तो शेकडो वेळा उच्चारला असेल, बाईने कधीच नाही. आजारी माणसासमोर आपण मुद्दाम हरतो तसा तो द्यायचा होता. पण आता ते दानधर्माचं काही आठवलं नाही. बूट खडकावरून सुटू लागला, तिने वर पाहिलं, वर फक्त दोर आणि निळं होतं, आणि ती ओरडली, "टिटवे, धर."

दोर ताणला. हिसका नाही, काही नाही. वरून एक सबंध माणूस मागे रेलला आणि ते रेलणं दोरातून खाली येऊन बाईच्या कमरेला पोचलं. तिचा सगळा भार त्यावर गेला आणि तो तिथे राहिला. पाय थरथरला, थरथरला आणि दमून थांबला. बाई खडकाला गाल लावून श्वास घेत राहिली. खडक कोमट होता. बाईने पाय पुन्हा ठेवला, या वेळी डावीकडे, पन्हळीत.

वर पोचली तेव्हा टिटवी एका मोठ्या दगडाला पाय रोवून बसली होती, दगडाभोवती दोर, पाठीभोवती दोर, आणि हात नुसते दोरावर ठेवलेले, मांजरावर ठेवावेत तसे. चेहरा घामाने निथळत होता. बाई तिच्याशेजारी बसली. खाली गाडी दिसत होती, तिचा टप उन्हात चमकत होता, आणि लांबवर शहर, धुरात अर्धं बुडालेलं.

बाई म्हणाली, "दर वेळी असंच व्हायचं तुला खाली?"

"पोटात? दर वेळी."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"तू बोलायला जागा कुठे ठेवायचीस?" टिटवी म्हणाली. मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकणावर एकदा हात फिरवला, प्रयत्न केला नाही, आणि बाटली सरळ बाईपुढे धरली.

बाईने ती घेतली. झाकण तिलाही जड गेलं. तिने दात आवळून पिरगाळलं तेव्हा कुठे ते फिरलं. "काय हे," ती म्हणाली, "इतकं आवळून लावतं का कुणी? बाटली आहे की तिजोरी? अक्कल म्हणून नाही."

"भावाने लावलंय."

"मग पुढच्या साली त्याला आण खाली उभं राहायला. माझी मान अवघडली तुझ्या ढुंगणाकडे बघून बघून. आणि काय ते गोगलगायीसारखं चढणं, दोर सोडता सोडता मला डुलकी लागत होती."

टिटवी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान मागे टाकली आणि हसायला लागली, चिरकं, थांबून थांबून, आणि तिच्या पाठीभोवतीचा दोर हलायला लागला, आणि दोघींनी अजून गाठी सोडल्या नव्हत्या म्हणून बाईही हलायला लागली.